सासऱ्यांच्या रेकॉर्डी आणि माझी सुई

मी फक्त सुई बदलायची ठरवली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर लोक विचारतात, "एवढं करायला तुम्हाला सांगितलं कुणी?" सांगितलं माझ्या साडूने. तो दातांचा डॉक्टर आहे. ज्याचा जन्म दुसऱ्याच्या तोंडातले खड्डे शोधण्यात गेलाय, त्याला घरी बोलावून रेकॉर्ड ऐकवायची नसते. मी ऐकवली.

रेकॉर्डीही माझ्या नव्हत्या, बायकोच्या होत्या. सासरे शिंपी. कामातून चार पैसे सुटले की एक रेकॉर्ड आणायचे, मशीन चालवता चालवता ऐकायचे आणि आवडलेल्या गाण्याला कव्हरवर निळ्या खडूने खूण करायचे, बाहीवर करतात तशी. ते गेल्यावर थोरलीने, म्हणजे साडूच्या बायकोने, शिलाई मशीन घेतलं. हिने रेकॉर्डी आणि त्यांचा जुना प्लेअर घेतला. सुटकेससारखा, झाकणातच स्पीकर असलेला. संध्याकाळी भाजी निवडताना ही तो लावायची. मी ऑफिसातून आलो की गाणं आणि चहा दोन्ही तयार असायचं. (तेव्हा दोन्ही असायचं.)

त्या रविवारी साडूने प्लेअरला कान लावला आणि दवाखान्यातल्या सुरात विचारलं, "किती वर्षं दाखवलं नाही?"

"काय?"

"सुई. झिजलीय. दर वेळी रेकॉर्ड खरवडून काढतेय. आत्ता दुखत नाहीये म्हणून तुम्हाला कळत नाही. जाईल तेव्हा मुळापासून जाईल."

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसतो. लोक येऊन सांगतात, नळाला पाणी नाही. मी म्हणतो, "बघतो." बघत कधीच नाही. पण ही एक तक्रार मी मनावर घेतली.

दुकानात कळलं की त्या प्लेअरची सुई आता मिळत नाही. सुईसाठी नवं मशीन घ्यावं लागेल. मशीनसाठी अँप्लिफायर. अँप्लिफायरसाठी दोन स्पीकर, माझ्या छातीएवढे. आणि जमीन हादरली तर सुई हादरते, म्हणून जाड लाकडाचं टेबल, जे वर आणताना हमालांनी माझ्या घराण्याचा उद्धार केला. स्वयंपाकघराचा ओटा बदलायला ठेवलेले पैसे त्यात गेले.

"ओटा?" बायकोने विचारलं.

"आवाज ऐकलास की ओटा विसरशील."

ती विसरली नाही. ओटाही विसरू देत नाही. त्यावर काही चिरायला घेतलं की तो डुगडुगत ठेका धरतो.

आता मूळ प्रश्न: आवाजात फरक पडला का? पहिल्या दिवशी मला काडीचा फरक कळला नाही. पण एवढं घालवल्यावर फरक न कळणं परवडत नाही. दुसऱ्या दिवशी थोडा कळला. आठवड्याभरात मी "आवाज उघडा झालाय" असं चारचौघांत बोलू लागलो. घरात रेकॉर्ड चालू असताना पंखा बंद, कुकर बंद, चालायचं ते चवड्यांवर. आणि मशीनला हात लावायचा नाही.

"मग मी ऐकायचं कधी?" बायकोने विचारलं.

"मी आल्यावर लावून देत जाईन."

"बरं," ती म्हणाली. नंतर तिने कधी लावायला सांगितलं नाही, आणि मला वाटलं, तिला आवड उरली नसेल.

मधेच आवाजात चरचर येऊ लागली. साडूने फोनवरच निदान केलं. "कव्हरांवर तो खडू आहे ना? सुईला खडू म्हणजे दाताला साखर." सुट्टीच्या दिवशी मी ओलं फडकं घेऊन बसलो आणि सगळी कव्हरं पुसून लख्ख केली. बायको बाजारातून आली. तिने पिशवी खाली ठेवली आणि एकेक कव्हर उलटसुलट करून पाहिलं.

"इथे खुणा होत्या."

"धूळ होती. पुसली."

"बाबांच्या खुणा होत्या."

"अगं, त्यांची आवडती गाणी तुला पाठच असतील की."

"नाहीत," ती म्हणाली. "खुणा होत्या म्हणून पाठ केली नाहीत."

ऑफिसात अशा वेळी मी "बघतो" म्हणतो. इथे मी फडकं पिळायला उठलो.

पुढच्या रविवारी साडू आला. नव्या मशीनवर गाणारी समोर उभी असल्यासारखी वाटते, असं तो समजावत होता. बायकोने आतून जुना प्लेअर आणून त्या टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "भाऊजी, मला काही कळत नाही यातलं. तुम्ही दोघं डोळे मिटून बसा. मी एकच गाणं दोनदा लावते. जुनं कुठलं, नवं कुठलं, ते सांगा."

साडूने तर रुमाल बांधला. गाणं संपलं.

"हे जुनं," तो म्हणाला. "आवाज जबड्यात अडकलाय."

पुन्हा तेच गाणं लागलं. या वेळी मी मागे राहिलो नाही. "आणि हे नवं. गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येतोय. वाद्यं बघा कशी सुटी सुटी."

"काय विस्तार आहे," साडू म्हणाला.

आम्ही डोळे उघडले. बायको जुन्या प्लेअरवरून रेकॉर्ड उचलत होती. "दोन्ही वेळा हाच होता," ती म्हणाली. "नवं चालू कसं करतात ते मला माहीत नाही. हात लावायला मनाई आहे."

साडूला एकदम एक पेशंट आठवला. रविवारी.

त्या संध्याकाळी तिने प्लेअर आणि सगळ्या रेकॉर्डी आतल्या खोलीत नेल्या. भांडली नाही. भांडली असती तर मी हरलोच असतो, पण निदान खेळात असतो. आता तिने थोरलीकडून निळा खडू आणलाय. बाबांना कुठलं गाणं आवडलं असेल ते ऐकून ऐकून ठरवते आणि खूण करते. एकदा मी दारात उभं राहून म्हणालो, "हे त्यांचं आवडतं असणार."

"कशावरून?"

"आवाज उघडा आहे."

"दार लावून घ्या," ती म्हणाली.

चहा मी माझा करून घेतो. राहता राहिलं मशीन, पण लावायला रेकॉर्ड नाही. मशीनचं खोकं चाचपलं तर तळाशी एक निघाली, तपासणीसाठी कंपनीने फुकट दिलेली. लावली. एक पुरुष खर्जात म्हणाला, "हा डावा स्पीकर." आवाज उजवीकडून आला. "हा उजवा स्पीकर." तो डावीकडून. म्हणजे पहिल्या दिवसापासून वायरी मी उलट्या जोडल्या होत्या, आणि त्याच उलट्या आवाजाला मी चारचौघांत "उघडा" म्हणत होतो.

वायरी त्या जड टेबलामागे आहेत आणि ते मला एकट्याला हलत नाही. मदतीला हाक मारायची सोय नाही. म्हणून मी खुर्चीच फिरवली आणि मशीनकडे पाठ करून बसलो. डावा डावीकडून, उजवा उजवीकडून.

बायको पाणी प्यायला बाहेर आली. पेला हातात घेऊन तिने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता याच्याशीही अबोला का?" तिने विचारलं.