देवरेकाकांची हरकत

देवरेकाकांना ‘कसे आहात?’ असं चुकूनही विचारू नये. ते थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात, तुमच्याकडे नीट बघून घेतात आणि विचारतात, “ही माहिती कशासाठी हवीय?”

चेष्टा नाही, खरंच विचारतात. तुम्ही आपलं भाबडेपणानं म्हणता, “सहज हो काका.” झालं! “सहज? सहज हवी असलेली माहिती गोळाच करू नये, वहिनी. देणाऱ्याचा वेळ जातो.” एवढं बोलून गृहस्थ निघून जातो. तब्येत कशी आहे ते शेवटपर्यंत कळत नाही.

तर असा हा माणूस आमचा शेजारी. शेजारी म्हणजे प्लायवुडच्या पलीकडे. दोहात अल हिलालला एक जुना व्हिला आहे. मालकानं तो एजंटला दिला आणि एजंटनं आत फळ्या ठोकून त्याची चार घरं केली. एकात आम्ही, म्हणजे मी, नवरा आणि दोन पोरं. दुसऱ्यात वसईचे डिमेलो, तिसऱ्यात जळगावचे चौधरी. पाहुण्यांना बसवायची जी मजलिस होती तिच्यात देवरेकाका एकटे. फळ्या ठोकताना एजंटनं गॅसच्या पाइपाचा खर्च वाचवला, म्हणून स्वयंपाकघर मात्र चौघांत एकच. तिथे रोज सकाळी जे काही चालतं त्याला भांडण म्हणायचं की स्वयंपाक, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. आमच्या फोडणीनं फिलोमिना डिमेलोला ठसका लागतो आणि तिच्या सुक्या बोंबलानं आम्हाला.

काकांची आणि माझी पहिली गाठ घरी पडली नाही, माझ्या काउंटरवर पडली. मी एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे. दिवसभर लोकांच्या हातात फॉर्म द्यायचे आणि भरलेले परत घ्यायचे, हाच माझा धंदा. काका गुडघा दाखवायला आले होते. फॉर्म हातात घेतला, मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं आणि वाचायला लागले.

“वडिलांचं नाव कशाला?” त्यांनी विचारलं.

“सिस्टिममध्ये आहे, सर.”

“गुडघा माझा दुखतोय.”

“सर, भरावं लागतं.”

“त्यांचे गुडघे शेवटपर्यंत उत्तम होते. हे कुठे लिहू?”

मागे रांग लागली होती. एक इजिप्शियन बाई ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई करत होती. काकांनी शांतपणे फॉर्म पुरा केला, पुन्हा बटण दाबलं आणि मला म्हणाले, “बाई, अकरा मिनिटं गेली. यातले सहा प्रश्न काढलेत तर चारात होईल. तुमचंच डोकं कमी दुखेल.” मला अस्सा राग आला! संध्याकाळी घरी येऊन बघते तर हा माणूस आमच्या स्वयंपाकघरात खिचडीला फोडणी देतोय. एजंटनं त्याच दिवशी मजलिस त्यांना दिली होती. दुसऱ्या दिवशी मी चिडून तो फॉर्म पुन्हा वाचला. सहाच्या सहा प्रश्न फालतू होते. पण हे मी काकांना सांगितलेलं नाही, उगाच डोक्यावर बसतील.

या वेडाचं मूळ नाशकात. महापालिकेनं पेपरात जाहिरात दिली, ‘नागरिकांकडून हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’, की काकांना ते घरचं आमंत्रण वाटायचं. रस्ता रुंद होवो नाहीतर बागेचं नाव बदलो, काकांचं पत्र गेलंच म्हणून समजा. इथे ते एका कंत्राटदाराकडे कागदपत्रं सांभाळायला आहेत. वर्ल्डकप जवळ येत होता, शहरभर खणाखणी चालली होती, रोज सकाळचा रस्ता संध्याकाळी जागेवर असेल याची खात्री नव्हती. त्या धांदलीत जो तो कसली ना कसली माहिती विचारत सुटलेला. मॉलमध्ये अत्तर विकणारी पोरगी वय विचारते, बुटांच्या दुकानात फोन नंबर मागतात. काका त्या प्रत्येकाला थांबवून विचारायचे, “प्रयोजन?” बूटवाल्याला तर त्यांनी हिंदीत सुनावलं, “भाईसाब, जूता मेरे पाँव में आएगा, मोबाइल में नहीं.” माझी धाकटी सोबत होती. ती घरी येऊन म्हणाली, “मम्मा, काका इज सो एम्बॅरसिंग!” आणि दुसऱ्या दिवशी हीच कार्टी टीचरला विचारून आली, ब्लड ग्रुप व्हाय?

एकच प्रश्न असा होता की त्यावर काका ‘प्रयोजन?’ म्हणाले आणि आम्ही हसलो नाही. त्यांची बायको, सुनंदावहिनी, नाशकात. तिचा व्हिसा होत नव्हता, काकांचा हुद्दा कुटुंब आणायच्या नियमात बसत नव्हता म्हणे. चौधरीभाऊंच्या आईनं एकदा सहज विचारलं, “तुमची मंडळी केव्हा येणार, भाऊ?” काका म्हणाले, “प्रयोजन?” आणि ताट तसंच घेऊन खोलीत गेले. त्यानंतर तो विषय आम्ही काढला नाही.

तर आता मुद्द्याचं. त्या दिवसांत इथल्या एका सरकारी खात्यानं ठरवलं, वर्ल्डकपच्या आधी शहरातली घरं आणि माणसं नीट मोजायची. घरोघरी काय काय विचारणार त्याचा कच्चा मसुदा त्यांनी इंटरनेटवर टाकला आणि वर लिहिलं, रहिवाशांनी यावर मत द्यावं. ही माहिती खरंच लागते का? द्यायला किती वेळ जाईल? त्रास कसा कमी करता येईल? ज्यांना बोलायचंय त्यांनी अमुक दिवशी समक्ष यावं.

काका तो कागद छापून घेऊन स्वयंपाकघरात आले. चेहरा असा, की घरात कोणाला मुलगा झालाय.

“वहिनी, बघा! त्यांनीच विचारलंय! प्रयोजन काय असावं, हे त्यांनीच आपल्याला विचारलंय!”

“छान झालं,” मी म्हटलं आणि पोळी उलटली.

“प्रश्न नऊवर माझी हरकत आहे. ‘या व्हिलात किती कुटुंबं राहतात?’ हा प्रश्न साफ चुकीचा आहे. मी जाऊन सांगणार.”

माझी पोळी तव्यावरच करपली.

कारण उघड होतं. एका व्हिलात फळ्या ठोकून चार कुटुंबं राहायला परवानगी नव्हती. इन्स्पेक्टर फिरत होते. मागच्या गल्लीतल्या व्हिलाच्या फळ्या एका दुपारीत बाहेर आल्या होत्या आणि तिथली माणसं सामान टेम्पोत घालून भाडं परवडेल अशी जागा शोधत हिंडत होती. भाडी तर आभाळाला भिडली होती. आणि हे गृहस्थ स्वतःच्या पायानं सरकारकडे जाऊन व्हिलातल्या कुटुंबांवर भाषण करणार!

त्या संध्याकाळी सगळ्यांनी काकांना स्वयंपाकघरात गाठलं. चौधरीभाऊंनी अक्षरशः हात जोडले. “काका, पोरांच्या शाळा इथे आहेत हो. तुम्ही तोंड उघडलं की आपण रस्त्यावर!”

“मी पत्ता सांगणार नाही.”

“ते विचारतील ना!”

“तर मी प्रयोजन विचारेन.”

“अगं बाय, ह्याला कोणीतरी आवरा गो!” फिलो डिमेलो किंचाळली. “खलास! आपण खलास!”

काका एकदम हळू आवाजात म्हणाले, “अहो, त्यांनी एवढं विचारलंय. एकही माणूस गेला नाही तर बिचाऱ्यांना काय वाटेल?”

आता सांगा, अशा माणसापुढे डोकं कुठे फोडायचं? आम्हाला घर जायची भीती आणि ह्यांना सरकारला एकटं वाटेल याची काळजी. शेवटी असं ठरलं की काकांना अडवता येत नाही, तर निदान एकटं सोडायचं नाही. त्यांना गाडी चालवता येत नाही. मी न्यायचं, शेजारी बसायचं आणि जीभ घसरायला लागली की चिमटा काढायचा.

सभेचा हॉल चांगला मोठा होता. खुर्च्यांच्या रांगाच रांगा, प्रत्येक खुर्चीवर पाण्याची बाटली. मंचावर पांढऱ्या पायघोळ थोबातले एक वयस्क साहेब आणि अबाया घातलेली एक तरुण अधिकारी मुलगी. समोर प्रेक्षकांत काका आणि मी. बस्स. तिसरं चिटपाखरू नाही. आम्हाला बघून त्या मुलीचा चेहरा असा उजळला की मला तिची दयाच आली. लगबगीनं खजूर आले, गहवा म्हणजे इथली कॉफी आली. काकांनी माझ्याकडे बघितलं, ‘सांगत नव्हतो?’ अशा नजरेनं.

बोलणं सगळं इंग्रजीतून झालं, मी आपलं मराठीत सांगते.

काका उठले. घसा खाकरला. “प्रश्न क्रमांक नऊ. व्हिलात किती कुटुंबं राहतात? हा प्रश्न काढून टाका. याचं खरं उत्तर तुम्हाला कोणीही देणार नाही.”

मी चिमटा काढला. चांगला जोरात. ढिम्म हलले नाहीत.

“का देणार नाही?” त्या मुलीनं विचारलं.

“कारण कुटुंब म्हणजे काय, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. आमच्याकडे माणसं मोजतात तेव्हा एका चुलीवर जेवतात ते एक घर, असं धरतात. रक्ताचं नातं विचारत नाहीत. तुम्ही असं विचारा, या व्हिलात स्वयंपाकघरं किती?”

साहेब पुढे झुकले. “तुमच्याकडे किती आहेत?”

मनातल्या मनात मी भांडी खोक्यात भरायला घेतली. आता हा ‘प्रयोजन?’ म्हणणार, साहेब चिडणार, संध्याकाळी इन्स्पेक्टर दारात.

काका म्हणाले, “एक. गॅस एक, फ्रिज एक. त्यावरून भांडणंही होतात.”

“रोज?”

“दिवसातून दोनदा.”

साहेब खो खो हसले. “मग कुटुंबच आहे! माझ्या घरीही तेच चालतं.” त्यांनी त्या मुलीला अरबीत काहीतरी सांगितलं, ती भराभर टिपून घ्यायला लागली. मला राहवलं नाही. मी धीर करून विचारलं, “सर, हे इन्स्पेक्टर लोकांकडे जाणार का?” साहेबांनी हात हलवला. “मॅडम, आम्ही फक्त मोजतो. भिंती बघणं आमचं काम नाही. कोणाचं नावही आम्ही कोणाला देत नाही.” मला असं सुटल्यासारखं वाटलं की ताटलीतले चार खजूर मी एका दमात खाल्ले.

निघताना त्या मुलीनं काकांना विचारलं, “आणि तुमच्या या घरात माणसं किती?”

“सतरा,” काका म्हणाले. ना चष्मा वर गेला, ना प्रयोजन आलं.

गाडीत बसल्यावर माझा जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे मला गंमत सुचायला लागली. रस्ता पुन्हा बदललेला, आम्ही वळसा घालत सिग्नलला अडकलेलो. मी बोटं मोजत म्हटलं, “काय हो काका, एवढे काटेकोर तुम्ही आणि सरकारला चुकीचा आकडा दिलात? आमचे चार, डिमेलोंचे पाच, चौधरींचे सहा. पंधरा. तुम्ही सोळा.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न मारला, मी गाडी काढली.

“पुन्हा अर्ज केलाय,” ते म्हणाले. “कंपनीनं हुद्दा बदलून द्यायचं कबूल केलंय. या वेळी होईल, इन्शाल्ला. लोक मोजायला येतील तोवर ती आलेली असेल. आणि नसली आली...” चष्मा पुसत म्हणाले, “रोज रात्री जेवताना फोनवर असते, वहिनी. मी जेवलो की मगच ती जेवते. ही चूल वेगळी कशी धरू?”

मला पुढचा रस्ता धड दिसेना. एवढे दिवस रात्री फळीपलीकडून ऐकू यायचं ते हळू बोलणं हेच. आम्ही समजत होतो, काका कोणाला तरी हरकतीच कळवतायत. मी गाडी कडेला घेतली, नाक पुसलं आणि एसीला शिव्या घातल्या. काकांनी सभ्यपणे खिडकीबाहेर बघून घेतलं.

तेवढ्यात फिलोचा फोन. गाडीच्या स्पीकरवर तिचा आवाज फुटला. “अगं बाय, काय झालं? बोल ना! चौधरीभाऊ खोकी घेऊन आलेत, सामान बांधायला घेऊ का?”

“खोकी परत पाठव,” मी म्हटलं. “आणि भात टाक.”

“कोणाचा भात?”

“सगळ्यांचा. एकाच पातेल्यात टाक. सतरा माणसांचा.”

“सतरा? आपण तर सोळा. कोण येतंय?”

काका स्पीकरकडे वाकले, ऐकू जायचं राहू नये म्हणून अगदी जवळ तोंड नेलं आणि म्हणाले, “माझी बायको. सुनंदा तिचं नाव. तिला भात मऊ लागतो.”