अंबादास खेकड्याचं ‘नको साहेब’

एका जंगलात, मुलांनो, जांभळीच्या झाडाखाली एक सलून होतं. जंगलात सलून कशाला, असं विचारू नका. तुमच्या गल्लीत चार आहेत, तेव्हा मी काही बोललो का?

सलूनचा मालक होता गणाजी अस्वल. त्याने स्वतःचे केस जन्मात कधी कापले नव्हते. कापायचं काम अंबादास खेकडा करी. त्याच्या दोन्ही नांग्या कात्रीसारख्या चालत. वर तो डोक्याला, शिंगांना तेल लावून अशी मालिश करी, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागे.

गणाजी त्याला पगार देई, पण जेमतेम. अंबादासने वाढवून मागितला की गणाजी म्हणे, “अरे, तुला वरची बक्षिसी मिळते की.”

मिळत होती, हे खरं. पण ती घ्यायची एक रीत होती. मालिश झाली की रानडुक्कर गालातून चार चिंचोके काढी. त्या जंगलात चिंचोकेच चालत.

“घे रे अंबा.”

“नको मामा. मालक देतात की.”

“अरे, घे.”

“राहू द्या. घरचंच दुकान आहे तुमचं.”

“तुला नाही देत. पोरांना खाऊ.” असं म्हणून रानडुक्कर चिंचोके त्याच्या नांगीत कोंबी आणि भलतीकडेच बघे. अंबादासही भलतीकडे बघत ते घेई. पहिल्या खेपेला घेतलं तर हावरट दिसतो, असं त्याला त्याच्या आईने शिकवलं होतं. दोनदा नको, तिसऱ्यांदा मुकाट्याने. हे सगळ्या जंगलाला ठाऊक होतं.

ते चिंचोके अंबादास खाऊवर उडवत नसे, दगडाखाली साठवत असे. खेकडा वाढतो, पण त्याचं कवच वाढत नाही. मग जुनं टाकून द्यावं लागतं. नवं टणक होईपर्यंत पंधरा दिवस तो लोण्यासारखा मऊ असतो. काम होत नाही, बाहेर पडणं धोक्याचं. गणाजी ती रजा बिनपगारी धरी. त्या पंधरा दिवसांचं पोट बक्षिसीवर चालायचं. यंदाही कवच दाटायला लागलं होतं आणि दगडाखाली जेमतेम दोन दिवसांची सोय होती.

अशात भालचंद्रराव सांबर परक्या जंगलात शिकून परत आले. शिकून आलेले प्राणी फार चांगले असतात, मुलांनो. ते समोरच्याचं म्हणणं नीट ऐकतात. तिथेच घोटाळा होतो.

भालचंद्ररावांनी शिंगांना मालिश करून घेतली. खूश झाले. दहा चिंचोके पुढे केले.

“नको साहेब,” अंबादास सवयीने म्हणाला.

भालचंद्ररावांचे डोळे भरून आले. त्यांनी चिंचोके परत पिशवीत टाकले.

“अंबादासजी, मला माफ करा. मी तुमच्या स्वाभिमानाचा अपमान केला.”

“तसं नाही साहेब…”

“काही बोलू नका. मला समजलं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वखर्चाने एक पाटी रंगवून आणली: ‘येथील कारागीर बक्षिसी घेत नाहीत. आम्हांला त्यांचा अभिमान आहे.’ गणाजीने ती स्वतः खिळा ठोकून लावली.

रानडुकराने पाटी वाचली. गालातले चिंचोके गालातच राहिले. “वा रे अंबा,” तो म्हणाला, “मोठा झालास.” आणि हलक्या पावलांनी निघून गेला.

आठवडाभर कोणीच काही दिलं नाही. सगळे पाठ मात्र थोपटून जात. अंबादास गणाजीकडे गेला. “मालक, ती पाटी काढा. नाहीतर पगार तरी वाढवा.”

“पाटी कशी काढू? गर्दी वाढलीय,” गणाजी म्हणाला. “आणि पगाराचं म्हणशील, तर तुझ्यासारख्या स्वाभिमानी कारागिराला पैशाचं बोलणं शोभतं का?”

पुढे अंबादासचा जाहीर सत्कार ठरला. शाल दिली, श्रीफळ दिलं. भालचंद्रराव तासभर बोलले. त्या तासात अंबादासच्या पाठीवर कवचाला बारीक चीर गेली. ती त्याला जाणवली. बोलायला उभा राहिला, तेव्हा त्याने लाज गिळली.

“मंडळी, मी नको म्हणायचो ते रीत म्हणून. मला बक्षिसी हवी आहे. मी आता पंधरा दिवस घरी बसणार आणि घरात खायला नाही.”

भालचंद्रराव उठले. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं.

“अंबादासजी, आता तर देणं शक्यच नाही. मागितल्यावर दिलं की ती भीक होते. तुम्हाला भीक घालायचं पाप माझ्या हातून होणार नाही.”

टाळ्या पडल्या.

त्या संध्याकाळी कवच गळून पडलं. साठवलेलं दोन दिवसांत संपलं. उरलं श्रीफळ. एरवी अंबादासने ते एका नांगीने फोडलं असतं. आता नांगी दाबली की नांगीच वाकायची. पोरं नारळाभोवती बसून होती. मला इथे फार वाईट वाटतं, पण गोष्ट सांगायला बसलोय, तेव्हा सांगतो.

पाचव्या दिवशी अंबादास शाल गुंडाळून, लपतछपत कामावर आला. कापणं त्याला जमेना, म्हणून गणाजीने मालिशीला लावलं. खुर्चीत भालचंद्ररावच होते. अंबादासच्या मऊ नांग्या शिंगांच्या मुळांवरून फिरल्या आणि भालचंद्रराव अगदी विरघळले. इतकी मऊ मालिश त्यांनी परक्या जंगलातही अनुभवली नव्हती.

ते उठले. त्यांनी पिशवीत हात घातला आणि मूठभर चिंचोके काढले.

“अंबादासजी, आज तुम्ही मागितलेलं नाही. मी आपखुशीने देतोय. घेणार?”

अंबादासने चिंचोक्यांकडे पाहिलं. ‘हो’ म्हणायचं त्याने ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि आईने शिकवलेलं आपोआप बाहेर पडलं.

“नको साहेब.”

भालचंद्रराव क्षणभर थांबले. अंबादासही थांबला. फक्त अजून दोनदा विचारायचं होतं.

“धन्य आहात,” भालचंद्रराव म्हणाले आणि त्यांनी पिशवीची गाठ मारली.

अंबादास शाल सावरत घरी गेला. दगडाखाली श्रीफळ तसंच होतं.

तात्पर्य: मुलांनो, स्वाभिमान हा अनमोल दागिना आहे. तो नेहमी दुसऱ्याच्या अंगावर घालावा. त्याला शोभून दिसतो आणि आपले चिंचोके वाचतात.