बरणीतली वेल

सदुभाऊ केतकरांना दहा मिनिटं एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा अर्धा झाला की उठायचे आणि "जरा बघून येतो" म्हणत घरी पळायचे. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नौका बुडायच्या आत दोनदा जाऊन यायचे. बघायचं काय, तर काचेच्या बरणीतली एक वेल!

लोणावळा स्टेशनात ते पार्सल क्लार्क, मी शाळामास्तर. आमची घरं भिंतीला भिंत लागून. वेल आणली होती त्यांच्या बायकोनं, वत्सलावहिनींनी, एका पारशिणीच्या बंगल्यातल्या माळ्याकडून. बोटभर हिरवी पानं, त्यांवर पांढऱ्या शिरांची जाळी. वर चढायचं सोडून मातीवर सरपटत जाणारी. हिला वारा सोसत नाही, ऊन तर नाहीच. ओल्या मातीत लावून बरणीचं झाकण घातलं की आपल्याच घामावर जगते. माती जरा सुकली की सगळी पानं एकदम मान टाकतात आणि पाणी मिळालं की तासाभरात उठून बसतात.

"नाटकी आहे हो लेकाची!" सदुभाऊ म्हणायचे. पण धास्ती त्यांनाच. एकदा पुण्याची गाडी फलाटात उभी असताना आंब्यांच्या करंड्या तशाच टाकून घरी आले. साहेबानं फैलावर घेतलं, तर म्हणाले, "आंबे थांबतील साहेब, ती नाही थांबायची." त्याबद्दल लेखी समज मिळाली. तो कागद त्यांनी बरणीखाली ओल टिपायला घातला.

वत्सलावहिनी क्षयानं दोन वर्षं तळेगावच्या बाजूला दवाखान्यात होत्या आणि सदुभाऊ तिकडे फिरकत नाहीत, अशी कुजबुज आळीत होती. मलाही राग यायचा. रेल्वेचा पास खिशात, गाडी तासाभराची, आणि हा गृहस्थ इथे पानं कुरवाळतोय! एकदा तोंडावर बोललोही. "जाईन, जाईन," म्हणत ते बरणी पुसत राहिले.

भाद्रपदात एक दिवस कडकडीत ऊन पडलं. तीन महिने भिजलेल्या लोणावळ्यात असं ऊन पडलं की माणसांना घर पुरत नाही. गाद्या, पुस्तकं, पापड, लोणची, जे जे बुरसेल ते अंगणात येतं. सदुभाऊ ड्यूटीवर, किल्ली आमच्याकडे. कार्ल्याची शेवंता आमच्याकडे नवीनच कामाला लागली होती. तिला मी ऐटीत सांगितलं, "भाऊंच्याही बरण्या काढ गं उन्हात." वेलीचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुपारी सदुभाऊ आले तेव्हा बरणीत उकडलेल्या भाजीसारखा लगदा पडला होता.

"आवो भाऊ, मला काय ठावं?" शेवंता रडकुंडीला आली. "मास्तर म्हनले समद्या काढ, म्या लोनच्याच्या वळीत ठिवली."

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. त्यांनी पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत बरणीभोवती येरझाऱ्या घातल्या. ती उठली नाही.

मी माफी मागायला गेलो. ते चिडतील तर बरं, असं वाटत होतं. ते चिडले नाहीत.

"दर शनिवारी दवाखान्यात तिला पत्रातून या वेलीचं एक पान पाठवतो," ते म्हणाले. "पहिल्यांदा भेटायला गेलो, तेव्हा ती खोकत होती. मला बघवेना. पाच मिनिटांत उठलो आणि फाटकाशी जाऊन उभा राहिलो. तेव्हापासून पान पाठवतो. ते तरी बसतं तिच्या उशाशी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाला मी दोन वर्षं निर्दय समजत होतो.

"उद्या शनिवार," ते म्हणाले. "आता मलाच जायला हवं."

सकाळी मी स्टेशनवर गेलो. गाडीला पाऊण तास अवकाश होता आणि सदुभाऊ काळा कोट घालून फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. मला पाहताच जवळ आले. आवाज अगदी खाली उतरला होता.

"मास्तर, तुम्ही शिकलेले. आजारी माणसाजवळ बसून बोलायचं काय असतं हो?"

मी खिडकीवर गेलो आणि स्वतःसाठी तळेगावचं एक तिकीट काढून आलो.