झाडाचा बंदोबस्त

"या घरात नाताळचं झाड जमिनीवरच उभं राहील!" एस्किलनं जाहीर केलं आणि टेबलावर मूठ आपटली. (मूठ लोण्याच्या भांड्यात पडली, पण मुद्दा पोचला.)

त्याची बायको मारेन एवढंच म्हणाली होती, की यंदा छोटं झाड आणू आणि कपाटावर ठेवू; सण संपला की ते बाहेर टाकायचंच असतं. त्यांची लेक ल्यूके दहा महिन्यांची. नुकती रांगायला लागलेली, आणि दिसेल ते तोंडात घालणारी. आजवर तिनं वर्तमानपत्राचं अर्धं पान, मामाच्या बुटाची नाडी आणि एका गोगलगाईची चव घेतली होती. (गोगलगाय पोर बापाच्या ताब्यात असताना. हे मारेन वारंवार सांगायची.)

"कपाटावर झाड! मग रिवाजाप्रमाणे त्याच्याभोवती फेर कसा धरायचा? कपाटावर चढून?"

"एक वर्ष नाही धरला तर आभाळ कोसळत नाही."

"आमच्याकडे छताला टेकणारंच झाड असतं. खऱ्या मेणबत्त्या लावलेलं. पोरीची काळजी तू करू नकोस. मी बंदोबस्त करतो."

'मी बंदोबस्त करतो' म्हटलं की मारेन कपाळाला हात लावायची. मागे त्यानं बागेतल्या चिचुंद्रीचा बंदोबस्त केला, तेव्हा अख्ख्या गल्लीचं पाणी दोन दिवस बंद होतं.

बंदोबस्त म्हणजे कुंपण निघालं. लोखंडी, गजांचं, कमरेएवढं. त्याला एक फाटक, आणि फाटकाला असा खटका की वरचं बटण दाबायचं आणि त्याच वेळी खालची पट्टी उचलायची. एस्किलनं ते झाडाभोवती उभं केलं. बैठकीची खोली मुळात बेताचीच. कुंपण लागल्यावर माणसांना भिंतीला पाठ घासत जावं लागू लागलं.

चोवीस तारखेला, सणाच्याच संध्याकाळी, एस्किलच्या सासूबाई इंगेलिसेबाई आल्या. रिबे गावाहून गाडीनं, भाजलेलं बदक सगळी वाट मांडीवर धरून. दारातच थबकल्या.

"अगंबाई! झाडानं काय गुन्हा केलाय?"

"आई, ते ल्यूकेच्या सुरक्षिततेसाठी आहे," एस्किल म्हणाला.

"मारेन लहान असताना आमच्याकडे काय कुंपण होतं? आम्ही 'नाही' म्हणायचो. मूल ऐकायचं."

"मी झाडावरचे दोन काचेचे गोळे खाल्ले होते ना गं?" मारेननं विचारलं.

"एकच. दुसरा तुझ्या भावानं खाल्ला."

तो भाऊ, म्हणजे आस्गर, कुंपणाकडे बघून मनापासून हसत होता. "भावोजी, भेटीची वेळ किती ते किती?"

एस्किलची कानशिलं तापली. ज्या माणसानं घरच्यांसाठी गुडघे सोलून घेतले, बोट चेंगरून घेतलं, त्याला ही वागणूक! तो एक अक्षर बोलला नाही. बदक खाताना बोलला नाही, साखरेत परतलेले बटाटे तिसऱ्यांदा वाढून घेतानाही बोलला नाही. (त्याचा अबोला कुणाच्या लक्षात आला नाही, याचाही त्याला राग आला.)

जेवणं झाल्यावर तो उठला, कुंपणाबाहेर पाण्याची बादली ठेवली, फाटकातून आत शिरला आणि मेणबत्त्या लावू लागला. मागची बाजू झाली, कडा झाल्या, शेवटी पुढची बाजू. सगळं झाड उजळलं. दिवे मालवलेल्या खोलीत सगळे झाडाकडे बघत राहिले. एस्किलची छाती फुगली. बाहेर पडायला म्हणून तो वळला आणि त्याला कळलं, की फाटक मागे आपोआप लागलंय.

बटणापर्यंत हात पोचत होता. पट्टी मात्र खाली होती. पट्टीसाठी वाकावं, तर मागचा भाग थेट ज्योतींत जात होता. त्यानं एकदा वाकून पाहिलं आणि ताडकन सरळ झाला.

मग त्यानं कुंपण ओलांडायला पाय उचलला. तेवढ्यात बाहेरून दोन चिमुकल्या मुठींनी गज धरले. ल्यूके! आता पाय टाकला असता तर कुंपण पोरीच्या अंगावरच गेलं असतं. एस्किल एका पायावर थिजला.

"मारेन! हिला उचल!"

पण ल्यूकेनं गजांना लोंबकळत ढुंगण वर उचललं, डुगडुगली, आणि चक्क उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा!

"उभी राहिली!" मारेन किंचाळली. "आई, बघ! आस्गर, फोटो काढ!"

"उचला तिला! मी इथे अडकलोय!"

"ओरडू नकोस रे, घाबरून बसेल ती."

"थोडं बाजूला व्हा, भावोजी," आस्गर फोन रोखून म्हणाला. "फोटोत तुमचं पोट येतंय."

"कुठे बाजूला होऊ? मागे आग आहे!"

"जावईबापू, नेहमी आपलंच काय हो?" इंगेलिसेबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आज पोरीचा दिवस आहे." मग त्यांनी नाक वर केलं. "लोकर जळल्यासारखा वास येतोय का?"

येत होता. लोकर एस्किलच्या अंगातल्या, त्यांनीच विणलेल्या स्वेटरची होती.

मारेननं झडप घालून ल्यूकेला उचललं आणि लांब नेलं. आस्गरनं बादली उचलली आणि कुठे, किती, असला विचार न करता सगळी ओतली. स्वेटर विझला. मेणबत्त्या विझल्या. झाडावरच्या कागदी हृदयांच्या माळा लगदा होऊन एस्किलच्या खांद्यावर ओघळल्या.

मारेननं मूल कडेवर ठेवून एका हातानं बटण दाबलं, पायाच्या अंगठ्यानं पट्टी उचलली. फाटक उघडलं. "एवढंच तर आहे," ती म्हणाली.

एस्किल निथळत बाहेर आला. आता मात्र तो बोलणार होता. सगळ्यांना चांगलं सुनावणार होता. त्यानं तोंड उघडलं, आणि ल्यूकेनं भोकाड पसरलं. हात गजांकडे, डोळ्यांतून धारा. दूध दिलं, खुळखुळा दिला, आजीनं नाच करून दाखवला. काही केल्या थांबेना.

"तू आत जाऊन बघ," मारेन हळूच म्हणाली.

"मी? आत? मुळीच नाही!"

तो आत गेला. ल्यूके खुदकन हसली. बाहेर आला, रडली. पुन्हा आत गेला, टाळ्या पिटायला लागली.

शेवटी आस्गरनं झाड बाहेर काढून कोपऱ्यात उघड्यावर उभं केलं. ल्यूकेनं झाडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एस्किल कोरडा शर्ट घालून कुंपणात मांडी ठोकून बसला, आणि बाकीच्यांनी हात धरून, गाणी म्हणत, त्याच्याभोवती फेर धरला.

फेर संपल्यावर इंगेलिसेबाईंनी तांदळाच्या खिरीची वाटी गजांवरून आत दिली, आणि मायेनं मुलीला विचारलं, "आणि गं, सण झाल्यावर याला बाहेर कधी टाकायचं?"