भोईरकाका, बेस गिटार आणि गोम

बाळाराम भोईर, म्हणजे आमचे भोईरकाका, कुठेही गेले की आधी भिंतीला तळहात लावायचे. नमस्कार-चमत्कार नंतर. देवळात गेले तरी आधी खांब, मग देव. माझ्या गिटारच्या क्लासमध्ये पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी चपला काढल्या, भिंत चाचपली, अनवाणी पाय जमिनीवर दोनदा आपटून पाहिला आणि मगच तोंड उघडलं. "मास्तर, बेस गिटार शिकवता ना? खरं सांगा."

मला तिथेच संशय आला.

त्याला कारण होतं. दोन हजार साल उलटून गेलेलं, भिवंडीत ज्याला त्याला गोडाऊनचं वेड लागलेलं. माझा क्लास कल्याण नाक्यामागच्या गल्लीत, कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत. घरमालकाला ती खोली माल ठेवायला हवी होती, म्हणून तो माझ्या गिटारच्या आवाजाची तक्रार करायचा. खाली चोवीस लूम खडखडत असताना माझ्या गिटारचा त्रास कुणाला व्हायचा, हे त्याचं त्यालाच ठाऊक! अशा वेळी साठीला टेकलेला, आठ लूमचा मालक असलेला माणूस भिंती चाचपत बेस गिटार शिकायला येतो? मी बायकोला म्हटलं, "हा मालकानेच पाठवलाय. भिंत हलते का बघायला."

"तुम्हाला दूधवालाही मालकानेच पाठवलेला वाटतो," ती म्हणाली.

पण संशयाच्या बाबतीत काका माझ्यापेक्षा सवाई निघाले. पहिल्या दिवशी मी त्यांना रूट शिकवला. म्हटलं, "रूट म्हणजे सुराचं मूळ. गाणारा कुठेही भटकू दे, बेसवाल्याने मुळाशी बसून राहायचं."

"मग तसं म्हना ना. इंग्रजीत लपवता कशाला? ह्यात काय तरी गोम हाय."

ही 'गोम' त्यांच्या तोंडात कायमची बसलेली. गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात, हे सांगितलं तर त्यांनी त्या मोजल्या. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा मोजल्या. ऑक्टेव्ह म्हणजे तोच सूर, पण वरच्या मजल्यावरचा, असं समजावलं. "तोच हाय तर दोनदा कशाला शिकायचा? गोम हाय." रेस्ट शिकवताना मी म्हणालो, "इथे हात थांबवायचा, पण मनातलं मोजणं सोडायचं नाही." काका बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "वाजवायचा न्हाय, त्याचं पन नाव ठेवलंय?" म्हणाले. त्या एका शब्दात मात्र त्यांना गोम सापडली नाही.

आणि प्रत्येक शब्द मी वहीत लिहून द्यायचा. तोंडी चालायचं नाही. "लिहून द्या. मानूस उद्या फिरतो." झालं! माझा संशय दुप्पट झाला. उद्या ही वही मालकाच्या हातात गेली तर? मी मुद्दाम वाकडंतिकडं अक्षर काढायला लागलो. काका तीच पानं परत पुढे करायचे आणि म्हणायचे, "नीट काढा. शाळेत न्हाय गेलाव काय?"

वाजवतानाही त्यांच्या एकेक तऱ्हा. ॲम्प्लिफायरला पाय चिकटवून बसायचे, हनुवटी गिटारवर टेकवायचे. चार तारांतली सगळ्यात जाड तेवढीच वाजवायचे. बारीक तारेवर नेलं की तोंड वाकडं करायचे. "ही बोलत न्हाय." एकदा मी आणि बायको दारात हळू बोलत होतो, तर आतून आवाज आला, "माझ्याबद्दल काय बोलताव?"

"मेथीबद्दल, काका. मेथी आणायचीय."

"खरं सांगा."

मग एका दुपारी लोडशेडिंग झालं. वीज गेली की भिवंडी कशी होते, हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. सगळे लूम एकदम बंद. कान बधिर व्हावेत अशी शांतता. काका माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी उभे होते. मी हाक मारली, "काका, चहा घेणार?" उत्तर नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशा खोलीत काका ढिम्म उभे.

मी सुन्न झालो. आमच्या गावात लूमच्या खडखडाटात सगळेच ओरडून बोलतात, सगळेच हातवारे करतात, समोरच्याच्या तोंडाकडे बघूनच बोलणं समजून घेतात. तिथे कमी ऐकू येणारा माणूस ओळखू यायचा कसा?

मी समोर जाऊन उभा राहिलो. माझा चेहरा बघून ते काय ते समजले. खाली बसले.

"चाळीस वर्सं लूममधी गेली, मास्तर. आधी चिमण्या गेल्या. मग फोनची घंटी. आता वंदीचा आवाज पन गेला." वंदी म्हणजे वंदना, त्यांची एकुलती एक मुलगी. महिन्याभरात तिचं लग्न होतं. "तिची आय धवले गायाची. लग्नात बायका गातात ना, ती आमची जुनी गानी. आय तर गेली. आता हळदीला वंदी सोता आयचा धवला गानार हाय. मना काय ऐकू येनार न्हाय. पन ही जाड तार मना इथं लागते." त्यांनी छातीवर हात ठेवला. "तिच्या गान्याखाली मी ही वाजवली, तर त्या गान्यात मी पन असंन ना?"

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. या माणसाला मी मालकाचा हेर समजत होतो!

"वंदीला सांगू नका. तिला कळलं तर ती गानारच न्हाय," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी वहीत सुवाच्य अक्षर काढायला लागलो.

हळद त्यांच्या गावी होती, वज्रेश्वरीच्या रस्त्यावर. मांडवात फळ्यांचं स्टेज, बाजूला भाड्याचा ऑर्केस्ट्रा. काका धोतर नेसून, टोपी घालून, गळ्यात बेस अडकवून अनवाणी उभे राहिले तेव्हा पाहुण्यांत खसखस पिकली. वंदीने पायाने फळीवर ठेका धरला आणि गायला सुरुवात केली. काकांचा एकच सूर, रूट, तिच्या गाण्याखाली घुमायला लागला. बरं चाललं होतं. आणि मध्येच तिला आईची आठवण आली असावी. आवाज फुटला. पाय थांबला. कीबोर्ड थांबला, ढोलकी थांबली. मांडव चिडीचूप, आणि काका आपले वाजवतायत! यांना कळलंच नाही! मी खुणा करायला पुढे धावलो. तेवढ्यात वंदीने डोळे पुसले, त्याच सुरावरून ओळ उचलली आणि धवला शेवटपर्यंत नेला.

स्टेजच्या मागच्या बाजूला काकांनी मला गाठलं. "वंदी रडली ना? खरं सांगा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"फळी थांबली ना पायाखालची."

"मग तुम्ही का नाही थांबलात?"

"लूमवर धागा तुटला का आमी लूम बंद करतो, मास्तर. पोरीचा आवाज तुटल्यावर बापानं पन बंद पडायचं काय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन पुरा गायली ना? का मना बरं वाटावं म्हनून सगळी माना डोलवताव? ह्यात गोम हाय."

मी देवाची शपथ घेतली. त्यांना पटेना. ढोलकीवाल्याला साक्षीला बोलावलं. पटेना. वंदी केव्हा मागे येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. हळदीने पिवळी झालेली ती पोर पुढे झाली, बापाचा हात धरला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शेवटची ओळ पुन्हा गायला लागली. तिला हे कधीपासून माहीत होतं, देव जाणे.

बायका म्हणाल्या, बाप लेकीला आशीर्वाद देतोय, आणि पदर डोळ्यांना लावले. मी त्या हाताकडे बघत होतो. काकांनी डोळे मिटले होते. भिंतीला लावायचे तसाच तळहात त्यांनी तिच्या डोक्यावर घट्ट दाबून धरला होता, ओळ संपेपर्यंत.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, गोम न्हाय."