मेलेल्यांची हरकत नाही

मिठबावात कौलाचा निकाल आदल्या दिवशीच ठरवून ठेवणारा मी पहिला माणूस. देवगड तालुक्यात पहिला म्हटलं तरी चालेल. बाकीच्यांच्या अंगी तेवढी हुशारी नव्हती असं नाही. त्यांच्याकडे रसायनशास्त्राची पदवी नव्हती, इतकंच.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली मी बी.एस्सी. होऊन मुंबईहून बोटीने गावी परतलो. हायस्कुलातली नोकरी जूनपासून होती. तोवर घरी बसून मासे खाणे आणि गावाच्या अज्ञानावर हळहळणे ही दोन कामं मी मन लावून करत होतो. आमचं घर पिढीजात होडीवाल्यांचं. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात बाबा आणि मी. बाबा म्हणजे सहदेव तांडेल. मनाने चांगले, पण कालवणात मीठ कमी पडलं की त्यांचं ताट थेट अंगणात जाई. आमच्या अंगणातल्या कावळ्यांइतके गुबगुबीत कावळे अख्ख्या किनाऱ्यावर नव्हते.

एका दुपारी बाबा जाळं शिवता शिवता म्हणाले, "गुरू, झिला, मी पाट लावतंय."

पाट म्हणजे विधवेशी लावलेलं लग्न. आमच्यात ते चालतं. माझाही विरोध नव्हता. मी सुधारक विचारांचा होतो.

"कोणावांगडा?"

"हिरावांगडा."

माझा सुधारकपणा तिथेच आटोपला.

हिरा मूळची शिरोड्याची, आमच्या वाडीत बहिणीकडे राहायला आलेली. मासे विकायची. अंगाने काडी, आवाजाने मध, आणि शेजारणीच्या पोराला खोकला झाला तरी काढा घेऊन धावणारी. तिचे दोन नवरे झाले होते, रामचंद्र आणि हरिश्चंद्र. दोघेही जेवायला बसले आणि मेले. आधी ओठांना मुंग्या, मग हातपाय लुळे, मग श्वास बंद. शिरोड्याने निदान केलं, राखणदाराचा कोप. राखणदार म्हणजे गावाची सीमा सांभाळणारा देव. त्याला कोपायला जेवणाचीच वेळ का लागते, हा प्रश्न शिरोड्यात कोणाला पडला नाही.

मला पडला. ही सगळी लक्षणं केंडाची. केंड हा मासा जाळ्यात सापडला की फुगून चेंडू होतो. त्याचं काळीज माणसाला मारतं, हे कोळ्याच्या पोराला चालता येण्याआधी शिकवतात. जाळ्यात आला तर तो वाळूत फेकून देतात. कावळेसुद्धा त्याला शिवत नाहीत. आणि हिरा एकदा पुळणीवर तोच मासा उचलून टोपलीत पानाखाली ठेवताना मी या डोळ्यांनी पाहिली होती.

मी बाबांना सगळं शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. विष नसांवर कसं काम करतं, हेही सांगितलं.

बाबांनी सुतळी दाताने तोडली. "तुका सावत्र आवस नको, तां सांग सरळ. नसां कित्याक मधी हाडतंस?"

"बाबा, ती तुका मारतली."

"बाबली गुरव कौल लावतलो. कौल काय देता तां बघूया."

कौलाची रीत अशी. देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या बाजूला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. म्हणजे माझ्या जन्मदात्याचा जीव दोन कळ्यांच्या वाळण्यावर अवलंबून होता. अशा वेळी हातावर हात धरून बसण्यासाठी माझ्या बापाने मला कॉलेजात घातलं नव्हतं.

मी बाभळीचा डिंक पाण्यात कालवला. घरच्या पाट्यावर कळ्या चिकटवून प्रयोग केले. दाट डिंक चमकतो, पातळ डिंक सुटतो. मधलं प्रमाण साधलं. आदल्या संध्याकाळी पिंपळाखाली जाऊन राखणदाराच्या पाषाणाच्या उजव्या अंगाला तो बेताने पुसला. आता उजवी कळी पडणं शक्य नव्हतं. म्हणजे डावी पडणार. म्हणजे नकार. म्हणजे बाबा जिवंत.

सकाळी वाडी जमली. हिरा बायकांत मान खाली घालून उभी. बाबलीने कळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदार म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"हो सहदेव ह्या हिरावांगडा पाट लावता हा. तिचे दोन घोव तुझ्या पायाकडे इलेले आसत. त्या मेलेल्यांची ह्या पाटाक काय हरकत आसात, तर उजवो कळो दी. हरकत नसात, तर डावो दी."

"व्हय म्हाराजा."

वाडीबरोबर मीही सवयीने म्हणून गेलो. मग अर्थ डोक्यात शिरला.

पाटाला कोणी देवाची परवानगी मागत नाही. आधीच्या नवऱ्याचं भूत आडवं येईल का, एवढंच विचारतात. ही रीत वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ती कळायच्या वर्षांत मी मुंबईत आम्ल आणि अल्कली शिकत होतो.

डावी कळी टपकन पडली. उजवी ढिम्म. बाबलीने तर ती नंतर नखाने खरवडून काढली आणि म्हणाला, "इतको घट कौल मी जन्मात बघूक नाय. दोघांचीव एकदम राजीखुशी."

ज्या दोन माणसांना या बाईबद्दल काही म्हणायचं असणार, त्यांची तोंडं मी स्वतःच्या हाताने डिंकाने चिकटवली होती.

बाबलीला बाजूला घेऊन मी खरं सांगून टाकलं. वाटलं, कौल रद्द होईल, मला दंड होईल, चार थोबाडीत बसतील. तयारी होती. बाबली मात्र हसला.

"डिंक लावची बुद्धी तुका कोणी दिली?"

"माझी माकाच सुचली."

"तुका वाटता तसा. राखणदारान दिली. नायतर शिकलेलो माणूस असली कामां कित्याक करीत?"

या युक्तिवादाला खोडणारा प्रयोग मला अजून सापडलेला नाही.

पाट लागला. हिरा घरात आली आणि मी तिच्या स्वयंपाकघराच्या दारात पहारा दिला. ती जे मासे आणी, ते मी उलटेपालटे करून पाही. तिला वाटलं असावं, पोर प्रेमाने भोवती घुटमळतं आहे. मला गरम माशाचा पहिला तुकडा मिळू लागला. तो खाताना मी दर वेळी ओठांना मुंग्या येतात का ते बघे. येत. हिराच्या कालवणात तिखट फार असे.

आठवडाभर बाबा नव्या नवऱ्यासारखे शहाणे वागले. मग एका दुपारी त्यांनी घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि ताट अंगणात भिरकावलं. वर हातही उगारला. मारला नाही, पण उगारला. "ह्यां काय रांदप? मीठ खंय आसा?"

हिराने ताट उचललं, भात गोळा केला आणि गोड आवाजात म्हणाली, "उद्या बरां रांदीन हां."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुळणीवरून आली तेव्हा मी परसात वाट अडवून उभा होतो. टोपलीतलं पान मीच उचललं. आत एक टम्म फुगलेला केंड.

"ह्यां कशाक हाडलंस?"

"माडाक खत घालूक."

"आमच्या परसात माड नाय."

हिराने परसभर नजर फिरवली. आंबा होता, फणस होता. "मगे आंब्याक," ती म्हणाली.

"रामचंद्राकव आंब्याचाच खत घातलंस?"

ती आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसली, टोपलीतला एक बांगडा घेतला आणि चिरता चिरता मला म्हणाली, "बस रे गुरू. तू शिकलेलो, तुका कळात. रामचंद्राक मी तीनदा सांगितलंय, माझ्यार हात उगारू नको. चौथ्यांदा सांगूक नाय."

"आणि हरिश्चंद्राक?"

"तेका दोनदाच. वय झाला माझा, पयल्यासारखो धीर ऱ्हवाक नाय."

"बाबाक?"

"तेका आज सांगतलंय," ती म्हणाली. "एकदा."

मी धावत बाबांकडे गेलो. केंड, टोपली, तीनदा, दोनदा, एकदा, सगळं एका दमात सांगितलं. ते बिडी पेटवत होते.

"रे, ज्यांका मारल्यान म्हणतंस, त्यांचीच हरकत नाय. वाडीसमोर सांगितल्यानी. तू त्यांच्यापरास शानो?"

पोलिसांकडे जावं, तर पुरावा कोणता? दोन्ही प्रेतं जळून राख झालेली. साक्षीदार म्हणून राखणदार, आणि त्याला मीच फितवलेलं. आता बाबांना वाचवायला एकच मार्ग उरला होता. हिराला थांबवणं मला शक्य नव्हतं. बाबांच्या हाताला थांबवायला हवं होतं. पन्नास वर्षं ताटं फेकलेल्या हाताला.

दुपारी पानं मांडली. मी बाबांच्या उजव्या हाताला चिकटून बसलो. हिराने कालवण वाढलं. मी त्याचा रंग पाहिला, वास घेतला, माशाचे काटे पाहिले. काही कळेना. शिजलेल्या माशाच्या तुकड्यापुढे बी.एस्सी. आणि चौथी नापास सारखेच.

बाबांनी घास घेतला. त्यांच्या भुवया वर गेल्या. मीठ कमी होतं. अंगणात कावळे जमू लागले. बाबांचा हात ताटाच्या काठाखाली गेला आणि मी त्यांचं मनगट पकडलं.

"सोड रे," बाबा म्हणाले. "हेका काय रांदप म्हणतत?"

हिरा समोर येऊन बसली. पदर खोचला, मधाळ हसली. "ताट खाली ठेव आणि जेव. परत तुका सांगूचंय नाय. आज बांगडो आसा."

बाबा म्हणजे पन्नास वर्षं समुद्रात काढलेला माणूस, वाऱ्याचा नुसता वास घेऊन वादळ ओळखणारा. 'आज' या शब्दाचा अर्थ लागायला त्यांना वेळ लागला, पण लागला. माझ्या पकडीतलं मनगट हळूहळू सैल पडलं. ताट जमिनीला टेकलं.

"बरां झाला हा," बाबा म्हणाले. "मीठ तर अगदी बेतशीर."

त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं. नंतर विहिरीवर नेऊन स्वतः घासलं. कावळे बराच वेळ कुंपणावर बसून होते. शेवटी उडून गेले. त्या दिवसानंतर बाबांनी बायकोवर आवाज चढवल्याचं मी ऐकलं नाही. टोपलीतल्या केंडाचं काय झालं, ते मी विचारलं नाही. आंबा मात्र पुढल्या मोसमात जोरदार लागला.

वाडीतल्या बायका कौतुकाने विचारू लागल्या, "हिरा, सहदेवाक असो कसो गो सुदारलंस?" ती पदराआड हसून म्हणायची, "प्रेमान सांगितला की आयकतत." मीही तिला आये म्हणू लागलो. कोणी सांगितलं नव्हतं. आपणहूनच.

पुढल्या वर्षी माझं लग्न झालं. बायको तुळसा, आयेनेच पसंत केलेली. दोघींचं इतकं जमलं की सासूसुनेचं नातं वाटू नये. दुपारभर परसात बसून मासे साफ करत, हळू आवाजात बोलत. मी जवळ गेलो की हवापाण्यावर गोष्टी सुरू होत. लग्नानंतर महिन्याभराने एका सकाळी मी तुळसाला सहज म्हटलं, "चायत साखर कमी झाली गो."

तुळसा रागावली नाही. तिने कप खाली ठेवला, पदर खोचला आणि गोड आवाजात म्हणाली, "रवा हां. किती येळा सांगूचा, तां आयेक इचारून येतंय."

ती परत येईपर्यंत मी कप रिकामा करून विसळून ठेवला होता. खरं सांगतो, तेवढा गोड चहा मी आयुष्यात प्यालेलो नाही.