दाजी आणि कच्ची कोपरं

दाजी राऊळ माणसाच्या तोंडाआधी त्याच्या कोपराकडे बघत. चाळीत लग्न असलं की आम्ही नवरदेवाचा फेटा बघायचो आणि दाजी त्याचा हात. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात त्यांनी वडिलांना बाजूला घेतलं, तेव्हा मुलाचं काही लफडं कळलं की काय, म्हणून वडिलांना घाम फुटला. दाजी हळूच म्हणाले, "जावई बरो आसा. पन कोपर कच्चां. पानी भरूक लावू नकात."

दाजी मालवणकडचे. कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत आणि पाळी सुटली की काळाचौकीला आमच्या चाळीमागच्या तालमीत मल्लखांब शिकवत. बायको लग्नानंतर लवकरच गावी वारली होती. जेवण खानावळीत, झोप खोलीत, बाकी सगळं तालमीत.

तालमीत दोन खांब होते. एक जमिनीत पुरलेला, दुसरा आढ्याला साखळीनं टांगलेला. टांगता खांब गरगर फिरतो, अंगाचं सगळं ओझं खांद्याकोपरांवर येतं. प्रत्येकाला त्यावर जायचं असे आणि दाजी कोणाला जाऊ देत नसत. कसरत संपून हात भरून आले की ते चहानं काठोकाठ भरलेली कपबशी हातात देत आणि हात लांब करून उभं राहायला सांगत. बशीत थेंब सांडला की म्हणत, "च्या बोलता. जा, पुरलेल्यार जा." तो चहा मग स्वतःच पिऊन टाकत. दाजी परीक्षा घेतात ती चहासाठीच, असाही एक मतप्रवाह चाळीत होता.

"दंड लवकर भरता," ते सांगत, "सांधो उशिरा. दंड म्हणता चढ, सांधो म्हणता थांब. दंडाचां ऐकलंस तर जन्माचो लुळो होतलंस."

आमच्यात सगळ्यात तरबेज शांताराम. शिवडीच्या गोदीत हमाली करायचा. आईबाप लहानपणीच गेलेले. खांबावर चढला की पालीसारखा चिकटायचा. पण त्याचाही चहा सांडे.

मुंबईसाठी चळवळ पेटली ते दिवस. मैदानावरच्या सभेआधी टांगत्या खांबावर झेंडा घेऊन कसरत व्हावी, असं चळवळीतल्या लोकांच्या मनात आलं. शांताराम तर हरखूनच गेला. दाजींनी साफ नकार दिला.

"दाजी, सभेची तारीख ठरलीय," बोलणी करायला आलेला कार्यकर्ता म्हणाला.

"सभेक तारीख आसता. सांध्याक नसता."

कोणी त्यांना भित्रा म्हणालं, कोणी सरकारचा माणूस. शांताराम भर तालमीत ओरडला, "माझं वर जाणंच तुम्हाला बघवत नाही!" सभा कसरतीशिवायच झाली. शांताराम दुसऱ्या दिवशी परत आला आणि अबोला धरून पुरलेल्या खांबावर घाम गाळू लागला.

थंडीत एका संध्याकाळी त्यानं हात लांब केला आणि चहा हलला नाही. दाजी कपाला नाक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "आयतवारी वर जा."

शांतारामनं अबोला विसरून त्यांना उचललंच. "अरे, सोड! माझे सांधे जुने!" दाजी ओरडत होते आणि हसत होते. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

आयतवार उजाडायच्या आत लालबागला गोळीबार झाला. गोदीतून परतणारा शांताराम गर्दीत सापडला. गोळी उजव्या कोपरातून आरपार गेली.

आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा दाजी खाटेशी उभे होते, गिरणीचा कापूस केसांत तसाच. शांताराम गुंगीत होता. दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोनासाठी जपलो रे मी ह्यो हात?"



हात वाचला, पण कोपर लाकडासारखं ताठ झालं. हमाली सुटली; एका गोदामावर पहाऱ्याचं काम मिळालं. दाजींनी तालीम सोडली नाही, परीक्षा मात्र सोडली. पोरं विचारत, "दाजी, वर जाऊ?" ते म्हणत, "तुझां तू बघ." मग कोणी वर जाईना.

रोज सकाळी पाळीआधी ते शांतारामच्या खोलीवर जात. कोमट तेलानं कोपर चोळत, वाकवू पाहत. त्याचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. एकदा मी तिथेच बसलो होतो. शांताराम वैतागून म्हणाला, "दाजी, हा हात आता वाकायचा नाही. रोज कशाला पायपीट करता?"

दाजींचं चोळणं थांबलं नाही.

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "पन तू येव नको म्हटलंस, तर सकाळचो मी जाव खंय?"

शांतारामनं डाव्या हातानं तेलाची वाटी त्यांच्याजवळ सरकवली.